फोनवरचं गाऱ्हाणं

आमच्या समोरच्या दारात सहदेव घाडीगावकर राहतात. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात ज्या थोड्या जुन्या इमारती अजून पाडायच्या राहिल्यात, त्यांतल्या एकीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडी, जाळीचं दार तेवढं ओढलेलं. त्यामुळे त्यांच्याकडे बांगडे कधी तळायला घेतले ते मला कळतं आणि माझं दूध कधी उतू गेलं ते त्यांच्या रुक्मिणीवहिनींना. इतक्या वर्षांच्या शेजारात लपवण्यासारखं फारसं उरत नाही. तरी काही गोष्टी दार उघडं असूनही आतच राहतात, कारण शेजारी कान दुसरीकडे वळवतात. हे कोणी शिकवत नाही, जमून जातं.

सहदेवभाऊ मूळचे कणकवलीकडचे. वडील भिकाजी गिरणीत होते. गिरणी बुडाल्यावर मुलाने इथल्या एका कंपनीत लेथ मशीन धरलं आणि निवृत्त होईपर्यंत सोडलं नाही. माणूस बुटका, आवाज मात्र देवळातल्या घंटेसारखा. गावाकडे त्यांच्या घराण्याचा मान गाऱ्हाण्याचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढे मागणं मांडण्याचा. तो मान ते ट्रंकेतून मुंबईला घेऊन आले म्हटलं तरी चालेल. इमारतीची सव्वीस जानेवारीची सत्यनारायणाची पूजा असो की कोणाच्या घरचं लग्न, डोक्याला टोपी घालून देवापुढे उभे राहायचे ते भाऊच. ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून त्यांनी सुरुवात केली की जिन्यापर्यंत उभी असलेली माणसं एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची. मी घाटावरची. पहिल्या वर्षी मला हसू आलं होतं, दुसऱ्या वर्षी माझाही आवाज त्यात होता.

त्यांची एक पद्धत होती. पूजेच्या आधीच्या आठवड्यात माणसं त्यांना जिन्यात गाठून हळूच आपलं दुखणं सांगायची. पूजेत भाऊ नाव घेत नसत. ‘कोणा लेकराचा काय अडला आसात, कोणा माउलीचा मन दुखावला आसात, ता सरळ कर रे म्हाराजा,’ एवढंच. ज्याचं त्याला कळायचं. पण दर सोमवारी संध्याकाळी, घरच्या देव्हाऱ्यापुढे, ते नाव घेऊन सांगायचे. नाव, मजला, खोली नंबर. साथीला फक्त रुक्मिणीवहिनी.

मी एकदा विचारलं, “देवाला खोली नंबर कशाला लागतो?”

“वैनी, मुंबयत इतकी माणसां. मोघम सांगलंय तर तो कोणाकोणाक शोधतलो?”

आणि दुसरा नियम असा की ज्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं, तो त्या गाऱ्हाण्यात सामील झाला. त्याने ते बाहेर बोलायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि कोणी मोडलाही नव्हता.

आता कावळ्यांचं सांगते, कारण सगळं सुरू तिथून झालं.

समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसला, त्या वर्षी भाऊंच्या आईच्या श्राद्धाला कावळा आला नाही. गच्चीच्या कठड्यावर पान ठेवून भाऊ उभे. वडे निवले, भात सुकला. “आये, काय चुकला आसात तर सांग,” म्हणून हात जोडून झाले. शेवटी दर्भाचा कावळा करून त्याचा स्पर्श पानाला केला. पुढच्या वर्षी तेच. मग भाऊंनी विचार केला, आणि विचार करायला निवृत्त माणसाकडे वेळ असतो. टॉवरच्या लहरींनी कावळे जातात. कावळा नाही म्हणजे पितर उपाशी. पितर उपाशी राहिले की माणसाची जागेवरची माया तुटते. माया तुटली की माणूस रीडेव्हलपमेंटच्या कागदावर मुकाट सही करतो. तर मग टॉवर कोणी बसवला? ज्याला जागा हवी आहे त्याने. एकेक पायरी चढताना काही खटकत नाही. जिना संपल्यावर लक्षात येतं की आपण भलत्याच गच्चीवर आलोय.

“भाऊ, त्याच वर्षी मागची कचराकुंडी हलवली,” मी म्हटलं. “कावळे तिथेच तर जेवायचे.”

“कुंडी कोणी हलवली?”

“महापालिकेने.”

“आणि महापालिकेक कोणी सांगला?”

मी पोळ्यांकडे वळले.

पुढे त्यांनी स्केचपेनने कागद रंगवले आणि जिन्यात, दुधाच्या केंद्राबाहेर, रिक्षा स्टँडवर चिकटवले. ‘कावळे कुठे गेले? जागे व्हा! अधिक माहितीसाठी संपर्क’, खाली नाव आणि मोबाइल नंबर. लोक हसले. इमारतीचे सेक्रेटरी विद्याधर, बँकेतून निवृत्त झालेले, यांनी जिन्यातला कागद काढला, भाऊंनी दुसरा लावला. याबद्दल मला काही म्हणायचं नाही. जो भिंतीवर लिहितो, त्याने भिंतीपाशी उभं राहून हसणाऱ्याचं हसणं ऐकून घ्यायला हवं. भाऊही ऐकून घ्यायचे. “हसा, हसा. तुमच्या श्राद्धाक कळात.”

अशाच एका कागदावरून नंबर घेऊन एक दिवस चहाच्या वेळी त्यांना फोन आला. बोलणारा म्हणाला, मी नाडकर्णी, सरकारच्या पक्षी विभागातून निवृत्त झालो. “तुमचं खरं आहे, घाडीगावकर. मी आत होतो. कावळ्यांची फाइल माझ्याच सहीने बंद झाली.”

भाऊ फोन कानाला लावून गॅलरीत आले ते जवळजवळ नाचतच. तोपर्यंत त्यांचं म्हणणं खरं मानणारा एकही माणूस त्यांना भेटला नव्हता. वहिनीसुद्धा ‘तुमचा आपला कायतरी’ म्हणायच्या. आता साहेबच भेटला. नाडकर्णींचे फोन येत राहिले. फोनच्या दिवशी भाऊ दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायला लागले.

“फोनवर शर्ट कोणाला दिसतोय, भाऊ?”

“माका दिसता ना.”

त्या बोलण्यात कधीतरी भाऊंनीच गाऱ्हाण्याची गोष्ट काढली असावी. कारण एके दिवशी नाडकर्णी म्हणाले, की दिल्लीला अर्ज करू तेव्हा करू, तुम्ही देवाला साकडं घाला. आत्ता, माझ्यासमोर. भाऊंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “घालतंय. पण तुमी ‘व्हय म्हाराजा’ म्हणूचा लागात. म्हटल्यावर मग ह्या आपल्यातच रवला पायजे.” नाडकर्णी म्हणाले, “अहो, अर्थातच.”

भाऊंनी टोपी घातली. वहिनींनी दिवा लावला. फोन स्पीकरवर करून देव्हाऱ्यात ठेवला, समईच्या बाजूला. आणि घरच्या देवापुढे ते जसं नेहमी म्हणतात तसंच म्हणाले. इमारतीवरचं संकट दूर कर म्हणून आधी टॉवर, मग कावळे, आणि मग एकेक घर.

पुढच्या आठवड्यात माझ्या मुलीने, रुचिकाने, मुलुंडहून मला एक व्हिडिओ पाठवला. ‘आई, हे आपले घाडीकाका ना?’

नाडकर्णी वगैरे कोणी नव्हतेच. बोरिवलीचा एक तिशीतला माणूस, लोकांच्या भलत्यासलत्या समजुतींवर चॅनेल चालवणारा. फोन करायचा, हो ला हो लावायचं, चोरून रेकॉर्ड करायचं आणि टाकायचं, हा त्याचा उद्योग. पडद्यावर टोपी घातलेला कार्टून कावळा चोच हलवत होता आणि मागे आवाज भाऊंचा. “दुसऱ्या माळ्यावर, सात नंबरच्या खोलीत, नितेशची बायल श्रुतिका. दोनदा तिची ओटी रिकामी झाली म्हाराजा. तिची ओटी भर.” वहिनींचा बारीक आवाज, “व्हय म्हाराजा.” त्याच्या मागोमाग त्या माणसाचा, हसू दाबत, “व्हय महाराजा.” “तळमजल्यावरचो नंदकुमार. कामावरसून कमी केल्यानी. घरात सांगूक नाय. रोज डबो घेऊन भायर पडता आणि गार्डनात बसान येता. त्याका कायतरी बघ.” पुन्हा “व्हय महाराजा,” आणि वर रेकॉर्ड केलेला हशा. ‘व्हय महाराजा’ तेवढं कापून लोकांनी त्याची वेगळी रील केली. आमच्याच गल्लीतली मुलं क्रिकेटमध्ये आउट झाल्यावर ते ओरडायला लागली.

श्रुतिकाचा पहिला गर्भ राहिला नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्याबद्दल तिने नवऱ्याला, आईला आणि भाऊंना सांगितलं होतं. मानखुर्दच्या सासूबाईंना ते मोबाइलवर कळलं.

ती संध्याकाळी ऑफिसातून थेट वर आली. चप्पल काढली नाही, जाळीच्या दाराबाहेरच उभी राहिली.

“काका, मी तुम्हाला सांगितलं होतं.”

“मी देवाक सांगलंय गो.”

“देवाच्या बाजूला कोण होतं?”

ती खाली गेली. तिच्या पाठोपाठ भाऊंनी खुंटीवरची टोपी काढली, घडी घातली आणि कपाटात, वहिनींच्या लुगड्यांखाली ठेवली. “ह्या वर्सापासून पूजेक दुसरो माणूस बघा,” ते मला म्हणाले, जणू मी कमिटी होते. मग जरा वेळाने, “जिचा नाव गेला ती सांगात, तरच उभो रवान.”

मला वाटलं, आता कावळ्यांचं भूत तरी उतरेल. तेही नाही. “माझा हसा करूक त्यांनी इतकी खटपट केली, म्हणजे काहीतरी असतला ना वैनी?” खोटं खोडून काढायला म्हणून एक माणूस फोन करतो आणि जाताना त्यावर खोट्या साहेबाचा शिक्का मारून जातो. चॅनेलच्या वर्णनात ‘अंधश्रद्धेविरुद्ध जागृती’ असं लिहिलेलं होतं.

कमिटीची बैठक विद्याधरांच्या घरी भरली. भाऊंना बोलावलं, श्रुतिका आली नाही, नितेश आला. मी चहा द्यायला विद्याधरांच्या बायकोबरोबर होते, म्हणजे ऐकायलाच होते.

“हे बघा, नावं घेतली ते वाईट झालं,” विद्याधर म्हणाले. “पण बाकी त्या माणसाचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. आज कागद चिकटवतायत, उद्या कोणी डोकं फिरवून टॉवरवर दगड मारील. तिथे कामाला चढणारा मजूर मरेल. अशा अफवांना थोडं हसायलाच हवं.”

“समोर येऊन हसा ना मग,” मी किटली ठेवता ठेवता म्हटलं. “खोटं नाव कशाला?”

“समोर आल्यावर कोण खरं बोलतं, वहिनी?”

“घाडीभाऊ तर भिंतीवरच बोलत होते.”

विद्याधरांनी बिस्किट बुडवलं ते चहात पडलं. नितेशचं लक्षच नव्हतं. त्याने चॅनेलवाल्याला आधीच लिहिलं होतं आणि त्याने मेहेरबानी म्हणून श्रुतिकाच्या नावावर ‘टूं’ असा आवाज टाकला होता. आता लोक ‘टूं कोण?’ म्हणून खाली विचारत होते, आणि ओळखणारे उत्तरही देत होते.

“मी सांगतो काय करायचं,” नितेश म्हणाला. “आपण पण त्याला फोन लावू. म्हणायचं, अंधेरीच्या जाहिरात कंपनीतून बोलतोय, पैसे देतो. खूश झाला की बोलता बोलता त्याच्या घरचं काढायचं. बायको, आईबाप, काय असेल ते. सगळं रेकॉर्ड. मग टाकून देऊ. कळू दे साल्याला.”

“झकास!” विद्याधर म्हणाले. आत्ताच आपण काय बोललो हे ते विसरले होते.

भाऊ कोपऱ्यात स्टुलावर होते. “त्याका सांगान करा.”

“काय?”

“रेकॉर्ड करतंय म्हणान आधी सांगा.”

“काका, सांगितल्यावर तो बोलेल का?”

“माका सांगला असता तर मी बोललो असतंय?”

“मग! तेच तर! त्याने नाही सांगितलं, आपण का सांगायचं?”

“त्याचीय आई खयतरी असतली,” भाऊ म्हणाले. “तिना काय केल्यान?”

नितेश उठून खिडकीपाशी गेला. भाऊंनी स्वतःचा फोन काढला, नाडकर्णींचा नंबर शोधला आणि सगळ्यांसमोर स्पीकरवर लावला. पलीकडून उचलला गेला.

“मी सहदेव घाडीगावकर, विक्रोळी. हय रेकॉर्ड करतंय, आणि बाकीची माणसां पण ऐकतत. चलात ना?”

फोन कट झाला.

पुन्हा लावला तो उचलला नाही. मग मेसेज आला. विद्याधरांनी वाचून दाखवला. ‘काका, बीप टाकलाय, अजून काय पाहिजे? कमेंट वाचा, लोक तुमच्यावर प्रेम करतायत.’

“प्रेम करतत म्हणे,” भाऊ म्हणाले, आणि फोन खिशात ठेवला.

पूजेचा दिवस जवळ आला. गाऱ्हाणं कोण घालणार, यावर विद्याधरांनी तोडगा काढला: इंटरनेटवर तयार गाऱ्हाणी मिळतात, स्पीकरवर लावू. रुक्मिणीवहिनी खालच्या बायकांबरोबर रवा निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. “आणि ‘व्हय म्हाराजा’ कोणाक म्हणाचा? स्पीकराक?” बायका हसल्या आणि तोडगा तिथेच संपला.

नंदकुमार वर येऊन भाऊंना सांगून गेला. “काका, तुम्हीच उभे राहा. माझं आता झाकायचं काय राहिलंय? बायकोने डबा द्यायचा बंद केला, एवढंच. आता दुपारी घरीच गरम जेवतो.” भाऊ म्हणाले, “तुझा ठीक आसा रे. तिचा काय?”

तिचं कोणालाच माहीत नव्हतं. श्रुतिका जिन्यात भेटली की हसायची, काही विचारायच्या आत पुढे निघून जायची. मी एकदा तिच्या दारात शिऱ्याची वाटी घेऊन गेले. ती म्हणाली, “काकू, मला त्या चॅनेलवाल्याचा राग आलाय तो समजतो. काकांचा आलाय तो समजत नाही. त्यांनी माझ्यासाठीच मागितलं होतं ना. त्यामुळे धड भांडताही येत नाही.” मी वाटी ठेवली आणि आले.

सव्वीस तारखेला खाली मोकळ्या जागेत मांडव घातला. झेंडा झाला, कथा झाली, आरती झाली. मग ती वेळ आली. गुरुजींनी इकडे तिकडे पाहिलं. भाऊ मागे, खांबाला टेकून, बोडक्याने उभे. रुक्मिणीवहिनी पुढे आल्या, हातात रिकामं सूप. ते त्यांनी मांडवाच्या तोंडाशी, चपलांच्या बाजूला, एका खुर्चीवर ठेवलं. “गाऱ्हाणा होवचा आसात तर फोन हयसर ठेवा. नाय तर प्रसाद घ्या आणि घरी जावा.” आणि नवऱ्याचा फोन त्यात टाकला.

कोणी हललं नाही. फोन सोडायचा म्हणजे काय! मग श्रुतिका बायकांमधून उठली. तिने पर्समधून फोन काढला, बंद केला, सुपात ठेवला आणि परत आपल्या जागी येऊन बसली. भाऊंकडे पाहिलं नाही. तिच्यामागे नंदकुमार, मी, नितेश, आणि मग रांगच लागली. विद्याधरांनी दोन फोन ठेवले. त्यांच्याकडे दोन असतात हे आम्हाला तेव्हा कळलं.

वहिनींनी टोपी कनवटीला लावूनच आणली होती. भाऊंनी ती घातली.

“बा देवा म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!”

नेहमीचंच सगळं म्हणाले, कोणाचंही नाव न घेता. आवाज सुरुवातीला बसलेला होता, मग लागला. शेवटी जरा थांबून म्हणाले, “आणि म्हाराजा, एका परक्या माणसान माझ्या गाऱ्हाण्याक ‘व्हय म्हाराजा’ म्हटल्यान. हसान म्हटल्यान, पण म्हटल्यान. म्हणजे तोही ह्याच मांडवातलो झालो. त्याचा काय वाकडा आसात, ता सरळ कर रे म्हाराजा.”

इथे साथ अडखळली. पुढचे दोघे-तिघे म्हणाले, मागचे गप्प राहिले, मग नितेशने नाइलाजाने म्हटल्यासारखं म्हटलं आणि बाकीचे आले. मी श्रुतिकाच्या बाजूला होते. ती काही म्हणाली नाही. ओठ मिटून समोर समईकडे बघत राहिली.

प्रसादाच्या रांगेत ती भाऊंपाशी थांबली.

“काका, सोमवारी माझं नाव घेऊ नका.”

“बरां गो.”

“खोली नंबर पण नको.”

“नाय घेणय.”

एवढंच. ती द्रोण घेऊन पुढे गेली.

तो व्हिडिओ अजून आहे, ‘टूं’सकट. टॉवर आहे, कावळे नाहीत. भाऊंनी नवा कागद लावलाय, त्यावर नंबर मात्र दिलेला नाही, ‘प्रत्यक्ष भेटा’ असं लिहिलंय. विद्याधर तो काढत नाहीत.

पूजेनंतरच्या सोमवारी संध्याकाळी मी कपडे आणायला गच्चीकडे निघाले होते. समोरच्या जाळीतून उदबत्तीचा वास आणि भाऊंचा आवाज येत होता. तळमजला झाला, नंदकुमार झाला. पहिला मजला झाला. दुसऱ्या मजल्यावर सहा नंबर झाला. मग भाऊ थांबले. एक नाव आणि एक नंबर उच्चारायला जेवढा वेळ लागतो, तेवढेच थांबले.

“व्हय म्हाराजा,” रुक्मिणीवहिनी म्हणाल्या.

मग आठ नंबर सुरू झाला, आणि मी गच्चीवर गेले.